पाचवी रेघ

माळव्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या या अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “काकू, तुम्ही इतकी वर्षं खेड्यापाड्यांत शिकवलंत. मुलांच्या गमतीजमती लिहा ना, काहीतरी हलकंफुलकं.” मी बरं म्हटलं. दोन दिवस वही उघडून बसले आणि मग लक्षात आलं की हलकं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते रागाचं आहे, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तो राग उतरलेला नाही. ज्यांना फराळाबरोबर गोड वाचायचं असेल त्यांनी सरळ पुढचं पान उलटावं.

रागाला निमित्त यंदाच्या उन्हाळ्यातलं. देवासला नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि ‘अनुभवी शिक्षिका’ म्हणून मला बोलावलं होतं. हार घातला, पुढच्या रांगेत बसवलं. तरणाताठा प्रशिक्षक पडद्यावर रंगीत तक्ते दाखवत होता. मुलांना आकडे गोळा करायला कसं शिकवायचं, हा विषय. बोलता बोलता तो म्हणाला, “याद रखिए, आँकड़े कभी झूठ नहीं बोलते.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून म्हटलं, “भिया, आँकड़े तो बोलते ही नहीं। बोलता वो है, जिसके हाथ में रजिस्टर रहता है.” सगळे हसले, टाळ्या वाजल्या, त्या पोरालाही ती गंमतच वाटली. मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि घरी आले. घरी हे म्हणाले, “तुला काय गरज होती पंगा घ्यायची? चहा-नाश्ता तरी करून यायचं.”

तर गरज काय होती, ते सांगते.

आमचे पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले ते तंबू-कनाती सांभाळायला. दरबार गेले, तंबू गेले, आम्ही राहिलो. माझ्या सासरच्या घरात शिकून सरकारी मास्तरीण झालेली मी पहिली. धार जिल्ह्यात बहुतेक नोकरी झाली, शेवटची काही वर्षं देवास जिल्ह्यात, पिपलरावांला. इयत्ता तिसरी-चौथी हे माझं राज्य. आणि गणिताच्या पुस्तकातला माझा आवडता पाठ होता खुणा करून मोजण्याचा. आमच्या हिंदी पुस्तकात त्याला ‘मिलान चिह्न’ म्हणतात, महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ताळ्याच्या खुणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रस्त्यावरून काय काय गेलं ते मोजायचं आहे. एक बैलगाडी गेली, एक उभी रेघ. दुसरी गेली, दुसरी रेघ. अशा चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्या चारांवरून तिरपी मारायची. झाला पाचाचा गठ्ठा. शेवटी गठ्ठे मोजायचे, पाच, दहा, पंधरा, आणि उरलेल्या सुट्या रेघा वर मिळवायच्या. यात शहाणपण असं आहे की दारात तीन माणसं उभी असली तर आपण मोजत नाही, ती दिसतातच. सात-आठ असली की मोजावी लागतात आणि मग चुकतात. पाचवी रेघ डोळ्यांचं हे ओझं कमी करते. ज्याला वाचता येत नाही, अंक लिहिता येत नाही, त्यालाही या खुणा जमतात. गवळी भिंतीवर कोळशाने अशाच रेघा ओढत आले आहेत.

नालछाजवळच्या शाळेत हा पाठ मी पहिल्यांदा घेतला. पुस्तकात लिहिलं होतं, वर्गातल्या मुलांना आवडतं फळ विचारा आणि खुणा करा. फळं दिलेली होती सफरचंद, द्राक्षं, संत्रं आणि केळं. मी विचारलं तर मांडूच्या वाटेवरची ती पोरं एकसुरात म्हणाली, “सीताफल!” एकाने “खुरासानी इमली” म्हटलं, म्हणजे गोरखचिंच, ते फळ त्याच भागात होतं. मी फळ्यावर सीताफळाचा रकाना केला आणि खुणा केल्या. तेवढ्यात शाळा बघायला येणारे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “मैडम, किताब में तो सीताफल है ही नहीं। फॉर्मेट के हिसाब से भरवाइए.” मी नवी होते, घाबरले. पुसून टाकलं. पोरांनी मुकाट्याने सफरचंदाला बारा आणि द्राक्षांना नऊ खुणा केल्या. त्यांतल्या निम्म्यांनी सफरचंद चाखलेलंही नव्हतं. आकडे गोळा करण्याचा पहिलाच धडा, आणि त्यात मी त्यांना खोटं लिहायला शिकवलं. त्या दिवशी मला राग आला नाही याचा आता राग येतो.

त्याच वर्गात माझी दुसरी फजिती झाली. पोरांना समजावं म्हणून मी म्हटलं, “जंगल से लकड़ी लाते हो न? लकड़ी खड़ी करो और रस्सी से गट्ठा बाँध दो.” सगळ्यांना पटलं. वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येकाच्या गठ्ठ्यात पाच उभ्या रेघा आणि वरून सहावी तिरपी. मी ओरडले. एक पोरगी शांतपणे म्हणाली, “बेनजी, रस्सी को लकड़ी में कौन गिनता है?” बरोबरच होतं तिचं. दोरी काय चुलीत घालतात? तेव्हापासून मी दोरी सोडून दिली आणि सरळ नियम पाठ करून घेऊ लागले: “चार खड़ी, पाँचवीं से काटो.” हे वाक्य पोरांच्या जिभेवर बसलं आणि चुका थांबल्या. पुढे कितीतरी वर्षं मला ते वाक्य फार हुशारीचं वाटत होतं.

नंतर माझी बदली कुक्षीकडच्या एका गावी झाली. दोन खोल्यांची शाळा, आम्ही दोघंच शिक्षक. मुख्याध्यापकांना पोरं ‘बड़े सर’ म्हणत. माझ्या खोलीत तिसरी-चौथी एकत्र, पटावर एकतीस नावं. प्रत्यक्षात वीस पोरं येत. उरलेली अकरा आईबापांबरोबर गुजरातेत मजुरीला गेलेली असत. दिवाळीनंतर गाडी भरून जायची, होळीआधी भगोरियाची जत्रा भरते त्या सुमाराला यायची. बड़े सर मात्र रजिस्टरमध्ये या अकरांची रोज हजेरी लावत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अरे मैडम, काहे को टेंशन ले रिये हो? संख्या कम दिखी तो इस्कूल दूसरे इस्कूल में जोड़ देंगे। फिर ये बच्चे तीन कोस पैदल जाएँगे क्या?” माणूस अगदीच वाईट नव्हता. पण त्या खोट्या हजेरीमुळे एक सोय अशी झाली होती की त्या अकरा पोरांना परत आणण्याची कोणाला फिकीरच करावी लागत नव्हती. कागदावर ती शाळेतच होती. मलाही ते ठाऊक होतं आणि मीही गप्प होते.

त्या वर्गात रमिला होती. तिसरीत, दारापाशी बसायची, हातातली पेन्सिल बोटभर उरली तरी टाकायची नाही. तिची धाकटी बहीण भुरीही तिसरीतच. त्या वर्षी आईबाप जाताना भुरीला बरोबर घेऊन गेले, कडेवरच्या भावाला सांभाळायला. रमिला काकीकडे राहिली.

मी पोरांना महिनाभराचं काम दिलं की पुस्तक बाजूला ठेवा, तुम्हाला जे मोजावंसं वाटतं ते मोजा. सीताफळाचं पाप धुवायचं होतं मला. कोणी बकऱ्या मोजल्या, कोणी कुक्षीहून येणाऱ्या बसगाड्या. रमिलाने मोजलं, वर्गात कोण आलं नाही. एका मोठ्या कागदावर एकतीस नावं लिहून, जो त्या दिवशी आला नाही त्याच्यापुढे एक रेघ. बहुतेकांपुढे दोन-तीन रेघा. गुजरातेत गेलेल्यांपुढे गठ्ठेच्या गठ्ठे, बावीस दिवसांचे बावीस. कागद इतका नीट होता की मी बघतच राहिले. फक्त भुरीच्या नावापुढे एकही गठ्ठा नव्हता. बावीसच्या बावीस रेघा सुट्या, सगळ्या उभ्या.

मी म्हटलं, “रमिला, यहाँ क्या हुआ? चार खड़ी, पाँचवीं से...?”

“नी काटूँ मैडम.”

“क्यों?”

“काटूँगी तो भुरी कट जाएगी.”

आमच्याकडे ‘नाम कट गया’ हे शब्द पोरं जन्मापासून ऐकतात. राशनमधून नाव कटतं, यादीतून कटतं, शाळेतून कटतं. बाकीच्यांना ती काटायला तयार होती, पण बहिणीला काटायला तिचा हात धजत नव्हता. आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, “पगली, ये तो गिनती है.” तिचा हात माझ्या हातात धरला आणि भुरीच्या चार उभ्या रेघा पुसून त्यांच्याऐवजी चार तिरप्या मारून घेतल्या. तिने हात ताठ धरला होता. तरीही कागद नमुनेदार झाला म्हणून मी तो खुशीत भिंतीवर लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. भिंतीवरचा कागद बघून खूश झाले, मोबाईलवर फोटो काढला, रमिलाच्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी रजिस्टर मागवलं. कागदावर अकरा मुलं बावीस दिवस गैरहजर आणि रजिस्टरमध्ये तीच अकरा बावीस दिवस हजर. बड़े सरांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल की ही मुलं आहेत कुठे. तिथे त्यांच्यासाठी शाळा आहे का, त्यांना इथे ठेवून घ्यायची काही सोय करता येईल का. एवढा मोठा साहेब, एवढा प्रश्न तरी विचारेल.

साहेब म्हणाले, “या तो बच्चे दिखाओ, या नाम काटो। डेटा साफ होना चाहिए.”

साफ! ओटा पुसतात तसा. अकरा नावांची यादी तयार झाली. कारणाच्या रकान्यात ‘लंबे समय से अनुपस्थित’. खाली वर्गशिक्षकाची सही. बड़े सरांनी यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “गिनती आपकी है मैडम, तो दस्तखत भी आप ही करो.” त्यांच्या आवाजात माझ्यावरचा राग होता आणि तो चुकीचा नव्हता. मी वाद घातला, पण फार नाही. मला नाव कमी होणं म्हणजे फक्त आकडा खरा होणं वाटलं. परत आली की पुन्हा लिहू, त्यात काय! मी सही केली. अकरा नावं संगणकावरून निघाली. ज्या साहेबांनी काढायला लावली त्यांच्या अहवालात म्हणे आमच्या शाळेचा ‘सुधार’ झाला.

भगोरियाच्या आधी मजुरांच्या गाड्या परतल्या. दुसऱ्या दिवशी भुरी शाळेत आली, नवी ओढणी घेऊन, केसांना तेल लावून. बड़े सर दारातच म्हणाले, “तेरा नाम नहीं है.” भुरीला ते कळलंच नाही. रमिला मात्र माझ्याकडे बघत उभी राहिली. ती म्हणाली, “मैंने बोला था न मैडम.” आवाज चढवला नाही, रडली नाही. बास, एवढंच म्हणाली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पुष्कळ झापलं असेल, पण असं तोंडात मारल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

मग मी भांडले. चार वेळा बस पकडून कुक्षीच्या कचेरीत गेले. संगणकावर बसलेला मुलगा दर वेळी तेच सांगे, “मैडम, नाम निकल गया। अब नया सत्र खुलेगा तब जुड़ेगा.” नवं सत्र उघडलं तर म्हणाला, जन्मतारीख जुळत नाही. तारीख जुळवून आणली तर आयडी जुळेना. नाव काढायला एक सही पुरली होती आणि घालायला सात कागद. उरलेल्या दहा मुलांपैकी चार आली आणि ‘नाम नहीं है’ ऐकून परत गेली. सहा फिरकलीच नाहीत. कायदा सांगतो की मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. मी तो कायदा कचेरीत तोंडपाठ म्हणून दाखवला. साहेबांनी हसून पाणी मागवलं माझ्यासाठी.

भुरीला मी बिननावाची बसवून घेतलं. रमिलाच्या शेजारी, एका पुस्तकात दोघी. भुरीला अक्षरं ओळखता येत होती पण जोडता येत नव्हती, रमिला तिच्या बोटाखाली बोट धरून वाचून घ्यायची.

पावसाळ्यात साहेब पुन्हा आले. ते येणार ही बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे नव्या तिसरीसकट पटावरची वीसच्या वीस मुलं हजर होती. साहेबांनी डोकी मोजली आणि ती एकवीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली.

“रजिस्टर में बीस हैं। ये इक्कीसवाँ कौन है?”

बड़े सर माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, खरंच सांगणार होते, की साहेब, ही भुरी, हिचं नाव तुम्ही काढायला लावलंत आणि मी काढलं. पण बड़े सर पुटपुटले, “मैडम, फिर नोटिस आएगा, इस्कूल जाएगा,” आणि मी तोंड मिटलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि नावं पुकारायला घेतली.

तेवढ्यात रमिला उठली. तिने पाटी-दप्तर उचललं नाही, फक्त ती बोटभर पेन्सिल भुरीच्या हातात दिली. “सर, बकरी छूट गई है,” असं काहीतरी म्हणाली आणि साहेबांच्या अंगावरून दाराबाहेर गेली. साहेबांनी तिला बघितलं. मी शपथेवर सांगते, बघितलं. याच मुलीच्या पाठीवर त्यांनी थाप मारली होती. त्यांनी रजिस्टरमध्ये मान घातली.

“रमिला?”

भुरीने दाराकडे पाहिलं. मग ती हळू म्हणाली, “उपस्थित, सर.”

“बीस. मिल गया,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खाली सही केली.

दुपारी मी रमिलाला तिच्या काकीच्या दारात गाठलं. मी तिच्यावर चिडले, काय करावं ते न सुचून चिडले. म्हटलं, “ये क्या किया तूने? कल से तू आएगी, समझी?” ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “नाम एक ही है मैडम। मेरे को तो पढ़ना आ गया। भुरी को अभी नी आता.” नऊ-दहा वर्षांची पोर. हिशेब तिने चोख केला होता, आणि त्यात आमच्यापैकी कोणाच्याही हातून तिला काही मिळेल हे धरलेलंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर गाडी भरली तेव्हा आईबापांनी रमिलाला नेलं. भुरीला आता नाव होतं, शाळा होती, ती काकीकडे राहिली. मी गाडीपाशी गेले नाही. माझ्या बदलीचा कागद आला होता. घराजवळची शाळा मिळावी म्हणून सहा वर्षं अर्ज करत होते, ती पिपलरावांची मिळाली. थांबले असते तर काही झालं असतं का? ठाऊक नाही. पण मी थांबले नाही, आणि हे लिहिताना साहेबांवर जेवढा राग येतो आहे तेवढाच त्या बाईवरही येतो, जी बॅगा भरत होती.

पिपलरावांत मी खुणांचा पाठ घेतला, पुस्तकात होता म्हणून. ‘काटो’ हा शब्द पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. ‘तिरछी लगाओ’ म्हणायचे.

गेल्या वर्षी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, “मैडम, पहचाना? मैं रमिला। आठवीं में पास हो गई, फर्स्ट डिवीजन.” आवाज रमिलाचा नव्हता. मी भुरीला ओळखलं, पण ती स्वतःचं नाव सांगताना जराही अडखळली नव्हती.

मी विचारलं, “और रमिला कहाँ है बेटा?”

ती गोंधळली. मग तिला उलगडलं.

“अच्छा, भुरी? भुरी तो गुजरात में है मैडम। उसका ब्याह हो गया.”

म्हणजे घरातही आता तेच झालं होतं. कागदाशी जुळावं म्हणून आईबापांनी हाकासुद्धा बदलल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? समोर एक पोरगी पास झाल्याचं सांगत होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ती वाट बघत होती.

“शाबास, रमिला,” मी म्हणाले.